दार्जिलिंग: दिवाळीच्या सुट्टीत, सोबत सत्तरीचे सासूसासरे आणि नववीतला मुलगा

मोगरा_ठाणे

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत दार्जिलिंगला जायचं घाटतंय. आम्ही दोघं, लेक नववीत (त्याला "काहीतरी थ्रिलिंग" पाहिजे, डोंगर बघून कंटाळा आलाय म्हणे), आणि सासूबाई-सासरे. सासऱ्यांचे गुडघे बरे नाहीत, सपाटीला चालतात पण जिने नकोत. हिमाचल बऱ्यापैकी फिरून झालंय म्हणून यावेळी पूर्वेकडे. ट्रॅव्हलवाल्याने जो प्लॅन पाठवलाय त्यात आठवड्याभरात दार्जिलिंग, पेलिंग, गंगटोक, कालिम्पोंग सगळं कोंबलंय आणि दार्जिलिंगच्या पुढे नुसतं "सेव्हन पॉइंट" लिहिलंय. हे काय प्रकरण आहे? टायगर हिलला पहाटे साडेतीनला उठून जाण्यात अर्थ आहे का, टॉय ट्रेनचं तिकीट आधी काढावं लागतं का, आणि सासूबाई शाकाहारी आहेत (कांदा लसूण चालतो, अंडं नाही) तर जेवणाचं काय? जाऊन आलेल्यांनी सांगा ना प्लीज.

भटका_कोल्हापूर

ताई, पहिलं काम म्हणजे तो प्लॅन फाडा. नकाशावर ही सगळी ठिकाणं जवळजवळ दिसतात, पण दार्जिलिंग ते गंगटोक शंभर किलोमीटरला चार-पाच तास धरून चाला, तेही तिस्ताकाठचा रस्ता चालू असेल तर. पेलिंगचा रस्ता त्याहून हाडं खिळखिळी करणारा. सत्तरीच्या माणसांना घेऊन रोज बॅगा भरायच्या आणि गाडीत बसायचं, त्याला सहल म्हणत नाहीत, बदली म्हणतात.

सेव्हन पॉइंट म्हणजे तिथल्या टॅक्सीवाल्यांचं रेटकार्ड आहे. थ्री पॉइंट म्हणजे पहाटे टायगर हिल, येताना घूमची गुंफा (म्हणजे बौद्ध मठ) आणि बतासिया लूप (टॉय ट्रेनचं गोल वळण). सेव्हन पॉइंट म्हणजे झू, माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट, तेनसिंग रॉक, तिबेटी निर्वासितांचं केंद्र, रोपवे, चहाचा मळा, जपानी पॅगोडा असं साधारण. स्टँडवर दर लिहिलेले असतात, सिंडिकेटचे असतात, फार घासाघीस चालत नाही. ठिकाणं एकेक चांगली आहेत, त्याबद्दल वाद नाही, पण ड्रायव्हर प्रत्येक ठिकाणी वीस-पंचवीस मिनिटं देतो आणि झूमध्ये तेवढ्यात तुम्ही तिकीट काढून वाघापर्यंतसुद्धा पोचत नाही. झू आणि इन्स्टिट्यूट एकाच आवारात, एकाच तिकिटात आहेत, त्याला अख्खी सकाळ द्या. गुरुवारी बंद असतं, तेवढं बघून ठेवा.

माझं मत विचाराल तर सगळा मुक्काम दार्जिलिंगमध्येच करा, फार तर शेवटची रात्र खाली कर्सियांगला. सिक्कीम पुढच्या वेळी.

अनघा_पुणे३८

कोल्हापूरकरांशी सहमत पण सिक्कीम एकदम कट करू नका हो, एवढं विमानाचं भाडं भरून जाणार तर गंगटोक व्हायलाच पाहिजे असं मला वाटतं. आम्ही सगळं केलं होतं, दमलो पण झालं.

भटका_कोल्हापूर

झालं हे खरं, पण त्यातलं आठवतंय काय ते सांगा. :)

अनघा_पुणे३८

जाम. घूमचा ट्रॅफिक जाम चांगलाच आठवतोय. :P

रुळावरचा_माणूस

टॉय ट्रेनचं मी सांगतो, माझा आवडता विषय, जरा लांबेल.

दार्जिलिंग हिमालयन रेल्वे, १८७९ ते १८८१ मध्ये बांधली, १९९९ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात गेली. रूळ दोन फुटी, म्हणजे आपल्या नेरळ-माथेरानचाच गेज. आपली १९०७ ची, ती तिच्यापेक्षा पंचवीसेक वर्षांनी मोठी. न्यू जलपाईगुडी म्हणजे एनजेपी ते दार्जिलिंग ८८ किलोमीटर, आणि मधलं घूम स्टेशन ७४०७ फुटांवर, भारतातलं सगळ्यात उंच. गंमत अशी की एवढी चढण असून दात असलेला मधला रूळ नाही की मोठे बोगदे नाहीत. जिथे चढ अगदीच अंगावर येतो तिथे गाडी पुढे जाते, थांबते, उलटी मागे चढते, परत पुढे, असे झिगझॅग केलेत, आणि काही ठिकाणी स्वतःच्याच रुळावरून गोल फिरून वर येते. वाफेच्या इंजिनावर पुढे बंपरवर माणसं बसलेली दिसतील, ती रूळ ओला असला की हाताने वाळू टाकतात, चाकं घसरू नयेत म्हणून. या इंजिनांचं डिझाइन १८८९ पासूनचं आहे, आणि ती अजून चालतात. मी दर वेळी तिथे लहान मुलासारखा उभा राहतो, बायको लांब जाऊन उभी राहते.

आता कामाचं. पूर्ण प्रवास एनजेपीपासून सातेक तास घेतो, वेळेवर आली तर. सासऱ्यांना नको. त्याऐवजी दार्जिलिंग-घूम-दार्जिलिंग जॉयराइड, दोन तासांची, मध्ये बतासिया लूपला थोडा वेळ आणि घूमला म्युझियमसाठी अर्धा तास थांबते. वाफेची आणि डिझेलची दोन्ही असतात, वाफेची महाग. आयआरसीटीसीवर आधीच काढा, दिवाळीत तिथे जाऊन मिळेल ही आशा सोडा. आणि वाफेची घेतली तर पांढरे कपडे घालू नका, कोळशाची काजळी खिडकीतून आत येते.

बतासियाचा लूप १९१९ चा आहे, मधोमध गोरखा सैनिकांचं स्मारक आहे. लोक तिथे भाड्याने मिळणारे डोंगरी कपडे घालून फोटो काढतात आणि स्मारकावरची नावं कोणी वाचत नाही, तेवढी वाचा.

चौकस_काकू

माणूस, पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा)! वाखू (वाचनखूण) साठवली. जॉयराइडमध्ये कुठल्या बाजूला बसायचं? डावीकडे की उजवीकडे?

रुळावरचा_माणूस

काकू, लूपमध्ये गाडी अख्खी गोल फिरते, सगळ्यांना सगळं दिसतं. बाकी वेळ एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला लोकांची दुकानं, इतकी जवळ की हात बाहेर काढलात तर कोणाच्या तरी फळ्यावरची बिस्किटं हातात येतील. काढू नका.

सुबोध_डोंबिवली

टायगर हिलबद्दल. माझ्या मते ओव्हररेटेड. पहाटे चारला शेकडो गाड्या एकाच अरुंद रस्त्यावर, वर गेल्यावर माणसांच्या डोक्यांवरून मोबाईल धरून उभं राहायचं, आणि ढग असले तर राम राम. कांचनजंगा बघायला एवढं करायची गरजच नाही. चौरस्ता म्हणजे गावाचा मुख्य चौक, तिथून ऑब्झर्व्हेटरी हिलला वळसा घालणारा मॉल रोड आहे, भानुभक्त सरणी म्हणतात, गाड्या नाहीत, जवळपास सपाट, मध्ये बाकं आणि कठडे. तिथून उत्तरेला समोर अख्खी रांग. सासऱ्यांना सहज जमेल. सहाच्या आत जा, शाल गुंडाळून बसा, चहावाले फिरत असतात.

गिरीजा_नाशिक

ओव्हररेटेड नाही हो म्हणवत मला. टायगर हिल साडेआठ हजार फुटांवर आहे, गावापेक्षा बरंच वर, आणि हवा साफ असेल तर तिथून एव्हरेस्टचं टोक पण दिसतं, गावातून ते दिसत नाही. पहिला प्रकाश कांचनजंगाच्या टोकाला लागतो तेव्हा खाली सगळा अंधार असतो, आणि मग तो रंग खाली खाली उतरत येतो, आधी लालसर मग केशरी मग एकदम पांढराफटक, पाच-सात मिनिटांत संपतं. गर्दी ओरडते, टाळ्या वाजवते, मला तर तेही आवडलं, सूर्याला टाळ्या मिळतात कुठे एरवी. पण हो, आदल्या रात्री आकाशात तारे दिसत असतील तरच जा. हॉटेलवाला सांगेल "पक्का दिसेल", त्याचं ऐकू नका, स्वतः गच्चीत जाऊन वर बघा.

सुबोध_डोंबिवली

तारे बघून ठरवायचं हे मान्य. मग तरुण मंडळींनी जावं, आजीआजोबांनी मॉल रोडवर. दोघांना तेच शिखर.

एक गोष्ट लक्षात ठेवा सगळ्यांनी, दार्जिलिंग आपल्यापेक्षा खूप पूर्वेला आहे आणि घड्याळ तेच. नोव्हेंबरात तिथे पावणेपाचला सूर्य बुडतो. सहा वाजता मिट्ट काळोख, आठला बाजार बंद. मुंबईच्या सवयीने सकाळी दहाला आवरून बाहेर पडलात तर अर्धा दिवस गेला आणि बहुतेक वेळा डोंगरावर ढगही आलेले असतात.

सह्यवेडा

लेकाच्या थ्रिलिंगसाठी आलोय. :)

हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट म्हणजे एचएमआय, हे पॉइंट म्हणून बघायचं ठिकाण नाही. एव्हरेस्ट सर झालं त्याच्या पुढच्या वर्षी, नोव्हेंबर १९५४ मध्ये सुरू झालं, तेनसिंग नोर्गे पहिले फील्ड ट्रेनिंग डायरेक्टर. ते दार्जिलिंगचेच झाले होते, त्यांची समाधी तिथल्या आवारातच आहे. म्युझियममध्ये जुने बूट, दोर, ऑक्सिजनची नळकांडी, ते वजन बघितलं की आजच्या ट्रेकिंग शूजची लाज वाटते. आमच्या इकडची सह्याद्रीत कातळ चढणारी कितीतरी पोरं बेसिक कोर्सला तिथे जातात, अठ्ठावीस दिवसांचा असतो, दार्जिलिंगला सुरुवात आणि मग पश्चिम सिक्कीममध्ये चौरीखांगचा बेस कॅम्प, राथोंग ग्लेशियरच्या जवळ. लेक अजून लहान आहे, पण बारावीनंतर डोक्यात ठेवा. आत्ता त्याला लेबॉंगच्या रस्त्यावर तेनसिंग रॉकवर दोर लावून चढवतात, पंधरा मिनिटांचं काम आहे, फोटोपुरतं ठीक.

खरं थ्रिल पाहिजे तर बाप-लेकाने संदकफूच्या वाटेवर एक रात्र काढा. दार्जिलिंगहून मानेभंज्यांग पंचवीस-तीस किलोमीटर. तिथून चित्रे, मेघमा, टुमलिंग अशी वाट, सिंगालिला रांगेच्या माथ्यामाथ्याने, आणि वाट भारत-नेपाळ सरहद्दीवरूनच जाते, म्हणजे चहा प्यायला नेपाळात आणि शू करायला भारतात असा प्रकार. टुमलिंगला साधी, स्वच्छ घरं आहेत राहायला. आधार कार्ड ठेवा, एसएसबीची (सशस्त्र सीमा बलाची) चौकी लागते. नॅशनल पार्क आहे, गाइड घ्यावाच लागतो आणि मानेभंज्यांगला मिळतो. पावसाळ्यात पार्क बंद असतो, १६ जून ते १५ सप्टेंबर, तुमच्या वेळी चालू.

पूर्ण संदकफू ३६३६ मीटर, बंगालमधली सगळ्यात उंच जागा. तिथून एव्हरेस्ट, कांचनजंगा, ल्होत्से, मकालू, म्हणजे जगातल्या पहिल्या पाचांपैकी चार, एका जागी उभं राहून. के-टू तेवढा नाही. कुंभकर्ण शिखर ते कांचनजंगा ती रांग आडव्या झोपलेल्या माणसासारखी दिसते, स्लीपिंग बुद्ध म्हणतात. गाडीनेही जाता येतं, पूर्वी सगळ्या जुन्या ब्रिटिश लँड रोव्हर असायच्या, आता बोलेरो जास्त. पण समुद्रसपाटीवरून येऊन दोन दिवसांत गाडीने एकदम बारा हजार फुटांवर जाऊन झोपू नका, डोकं धरतं, उलट्या होतात, आणि तिथे दवाखाना नाही. आधी दार्जिलिंगला मुक्काम, मग टुमलिंग, आणि तिथून परत, एवढं शाळकरी मुलाला भरपूर.

मोगरा_ठाणे

सह्यवेडा, हे लेकाला वाचून दाखवलं, त्याने सरहद्दीवरच्या शू चा भाग दोनदा वाचायला लावला. टुमलिंग फिक्स समजा. थंडी किती असेल?

सह्यवेडा

रात्री शून्याच्या आसपास, वारा असेल तर त्याहून वाईट वाटतं. थर घाला, एक जाड जॅकेट घालून भागत नाही. चालताना घाम येतो, थांबलं की तोच घाम गार पडतो, त्यामुळे आतला कपडा कॉटनचा नको. कानटोपी मानेभंज्यांगला स्वस्तात मिळते.

फौजीण

आमची पोस्टिंग सिलिगुडीजवळ होती, दार्जिलिंगला सतत जाणं व्हायचं, त्यामुळे जरा वेगळं सांगते.

दिवाळीत जाताय तर नशीबवान आहात. तिकडच्या गोरखा घरांत तेव्हा तिहार असतो. पहिला दिवस कावळ्यांचा, दुसरा कुत्र्यांचा, कुकुर तिहार. रस्त्यावरचं भटकं कुत्रंसुद्धा झेंडूची माळ आणि कपाळावर टिळा लावून ऐटीत फिरत असतं. तिसऱ्या दिवशी गाय आणि लक्ष्मीपूजन, संध्याकाळी मुली घरोघरी भैलो गात फिरतात, दुसऱ्या दिवशी मुलगे देउसी म्हणतात, एकजण ओळ म्हणतो आणि बाकीचे "देउसी रे" करून ठोकतात. मग आपली भाऊबीज असते त्याच दिवशी त्यांची भाइटिका, बहीण भावाच्या कपाळावर सात रंगांचा टिका उभा लावते आणि मखमली फुलांची माळ घालते. सेल रोटी तळतात, तांदळाच्या पिठाची कंकणासारखी गोल, बाहेरून कुरकुरीत. सासूबाईंना नक्की आवडेल, अंडं नसतं. होमस्टेमध्ये राहिलात तर हे सगळं घरातून बघायला मिळेल, हॉटेलात नाही.

पण त्याची दुसरी बाजू, भाइटिकाच्या दिवशी ड्रायव्हर मिळणं मुश्कील. त्यालाही बहीण असते. तो दिवस गावात पायी फिरायला ठेवा. आणि दुर्गापूजेपासून बंगाली लक्ष्मीपूजेपर्यंत (म्हणजे आपल्या कोजागिरीपर्यंत) कोलकाता सगळं वर येतं, तो आठवडा टाळा. दिवाळीला गर्दी जरा ओसरलेली असते.

पाणी जपून वापरा. हे मी सगळ्यांना सांगते आणि सगळे मान हलवून गीझर अर्धा तास चालू ठेवतात. गावाला पाणी सेंचलच्या दोन तलावांतून येतं, एक १९१० चा, दुसरा १९३२ चा. गाव तेव्हा केवढं होतं आणि आता केवढं झालंय बघा. पाऊस धो धो पडतो आणि उतारावरून निघून जातो. स्थानिक लोक टँकरचं विकत घेतात, मुलं शाळेआधी धाऱ्यावर (झऱ्यावर) कॅन घेऊन रांगेत उभी असतात. हॉटेलात बादलीभर गरम पाणी आलं तर कटकट करू नका.

अजून एक, जरा तिखट लिहिते. आपली माणसं तिथे जाऊन "ये लोग नेपाळी हैं ना?" असं त्यांच्यासमोर विचारतात, त्याहून वाईट शब्दही वापरतात. ते भारतीय गोरखा आहेत, पिढ्यानपिढ्या इथलेच, आणि फौजेत त्यांचं काय स्थान आहे हे मी सांगायला नको. त्यांची नेपाळी भाषा १९९२ मध्ये राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली, आपल्या कोंकणीच्या बरोबरच, एकाच दुरुस्तीने. २०१७ मध्ये वेगळ्या राज्यासाठी १०४ दिवस सगळं बंद होतं, घरोघरी माणसांनी सोसलंय, चहा पिताना टॅक्सीवाल्याशी त्यावर वाद घालायला जाऊ नका. तो बोलला तर ऐका.

सुबोध_डोंबिवली

+१, शेवटच्या परिच्छेदाला दोनदा.

आप्पा_सांगली

फौजीण ताईंचा मुद्दा बरोबर असला तरी सहलीच्या धाग्यात राजकारण कशाला? माणसं चार दिवस मजा करायला जातात.

फौजीण

आप्पा, मी राजकारण केलं नाही, शिष्टाचार सांगितला. पाहुणे म्हणून कोणाच्या घरी गेलो तर घरात काय चाललंय एवढं तरी माहीत असावं.

आप्पा_सांगली

बरं बरं, माघार. तिथे भडंग मिळत नाही एवढंच माझं दुःख.

चहाबाज

उशीर झाला यायला. चहावर अजून कोणी बोललंच नाही म्हणजे कमाल आहे.

दार्जिलिंगचा चहा वर्षभर एकच नसतो. फेब्रुवारीअखेर ते एप्रिल फर्स्ट फ्लश (पहिली खुडणी), फिका, जवळजवळ हिरवट सोनेरी, फुलासारखा वास. मे-जून सेकंड फ्लश, त्यात ती प्रसिद्ध मस्कटेलची चव, द्राक्षाकडे झुकणारी. मग पावसाळी, तो बहुधा मिश्रणांत जातो. आणि तुम्ही जाणार तेव्हा ऑटम फ्लश, तांबूस, जरा जाड चवीचा, आपल्या जिभेला हाच सगळ्यात जवळचा. दूध घालू नका. सासरे घालणारच म्हणाले तर त्यांच्यासाठी साधा सीटीसी (आपला रोजचा दाणेदार चहा) घ्या, महागड्या पानांचा खून करू नका. उकळायचा तर अजिबात नाही, पाणी उकळून खाली उतरवायचं, पानं टाकायची, तीन मिनिटं झाकायचं, गाळायचं.

गावाच्या सगळ्यात जवळ हॅपी व्हॅली मळा, १८५४ चा, चालत उतरता येतं पण परत चढायचं असतं हे लक्षात ठेवा, सासऱ्यांना गाडीने न्या. कारखाना बघायचा तर सोमवार टाळा, रविवारी पानं खुडत नाहीत त्यामुळे सोमवारी मशीनला काम नसतं. एक किलो चहाला चार-साडेचार किलो ओली पानं लागतात, आणि ती खुडणाऱ्या बहुतेक बायका, त्या उतारावर, पाठीला टोपली. २०२३ मध्ये त्यांची रोजंदारी २५० रुपये झाली. तोच चहा दुकानात शंभर ग्रॅमला काय भावाने लावलाय ते बघून गणित तुम्हीच करा.

विकत घेताना टी बोर्डाचा शिक्का बघा, बाईच्या चेहऱ्याशेजारी पान असतं. भारतात पहिलं जीआय (भौगोलिक) मानांकन याच चहाला मिळालं, २००४ मध्ये, सत्त्याऐंशी मळे आहेत, तेवढ्याच मळ्यांचा चहा दार्जिलिंग म्हणवू शकतो. पण नेपाळचा चहा त्याच नावाने खपवतात, तो वाईट असतो असं नाही, उलट काही चांगले असतात, पण मग दार्जिलिंगचा भाव का द्यायचा? स्वस्तात "प्युअर फर्स्ट फ्लश" देतो म्हणणाऱ्याला नमस्कार करून पुढे. नोव्हेंबरात कोणी ताजा फर्स्ट फ्लश म्हणून विकत असेल तर तो सहा महिने जुना आहे, एवढं तरी समजून घ्या.

चौकस_काकू

चहाबाज, आमच्या ह्यांनी तुमची पोस्ट वाचून आमचा चहाचा डबा उघडून वास घेतला आणि काही न बोलता झाकण लावलं.

गिरीजा_नाशिक

जेवणाचं राहिलंच की. शाकाहारींचे हाल होत नाहीत, मारवाडी भोजनालयं आहेत, डाळभात-पोळी मिळते. पण तेवढ्यावरच राहू नका. व्हेज मोमो, तिबेटी ब्रेड, चौक बाजारात लालभडक आलुदम, कडक छुर्पी (याकच्या किंवा गाईच्या दुधाचं चीज, दिवसभर चघळायची, दातांची काळजी). गुंद्रुकचं आंबट सूप मिळालं तर जरूर प्या, वाळवून आंबवलेली पालेभाजी असते. डल्ले खुर्सानी नावाची गोल लाल मिरची लोणच्यात येते, आपण कोल्हापुरी वगैरे म्हणून ऐटीत अख्खी तोंडात टाकू नये. फक्त थुक्पा (नूडल्सचं सूप) व्हेज सांगितला तरी रस्सा कशाचा आहे ते विचारा, काही ठिकाणी हाडांचा तयार असतो आणि वरून भाज्या घालतात. मोमोलाही वेगळं भांडं आहे का विचारा, सासूबाईंना चालणार नसेल तर.

भटका_कोल्हापूर

ते कोल्हापुरीचं मी मनावर घेतलेलं नाही. डल्लेने मलाही रडवलंय.

ताई, हॉटेलचं महत्त्वाचं. अख्खं गाव उतारावर आहे, "मॉलपासून पाच मिनिटं" म्हणजे कधी कधी दीडशे पायऱ्या. फोन करून सरळ विचारा, गाडी दारापर्यंत येते का, आणि चौरस्त्याला जायला पायऱ्या किती. चौरस्त्याच्या पातळीवरचं घ्या, महाग पडलं तरी. तिथे गाड्या येत नाहीत पण सामान न्यायला हमाल मिळतात, बऱ्याच वेळा बाया असतात, कपाळाला नाम्लोचा पट्टा लावून दोन बॅगा एकदम उचलतात, भाव करत बसू नका. खोलीत हीटर फुकट नसतो बहुतेक ठिकाणी, गरम पाण्याची पिशवी मात्र मागितली की देतात, आजीआजोबांच्या पांघरुणात झोपायच्या आधी ठेवा.

चौरस्त्यावरून महाकाल मंदिराला चढ आहे, सासऱ्यांना नको, बाकीच्यांनी जा. एकाच गाभाऱ्यात पुजारी आणि लामा दोघं बसलेले, एक टिळा लावतो, दुसरा मंत्र पुटपुटतो, कोणाला काही वाटत नाही. माकडं आहेत, प्रसाद लपवा. सासऱ्यांना त्याऐवजी घूमची यिगा चोलिंग गुंफा, १८५० ची, आत पंधरा फुटी मैत्रेय बुद्ध, गाडी जवळपर्यंत जाते.

सह्यवेडा

कांचनजंगाचं एक राहिलं. १९५५ च्या मे महिन्यात ब्रिटिश मोहिमेतले जो ब्राउन आणि जॉर्ज बँड वर पोचले आणि टोकाच्या काही फूट खाली थांबले, कारण सिक्कीमच्या चोग्यालला (राजाला) तसं वचन दिलं होतं, शिखर तिथल्या लोकांना पवित्र आहे. नंतरच्या कित्येकांनी ते पाळलंय. सिक्कीमच्या बाजूने तर आता चढाईला परवानगीच नाही. सासूबाईंना हे सांगा, हात जोडतील. माझ्या आईने जोडले होते.

अनघा_पुणे३८

लेकासाठी तिस्तेत राफ्टिंग पण आहे ना?

फौजीण

आहे, मेल्ली आणि तिस्ता बाजारच्या बाजूला. पण ऑक्टोबर २०२३ मध्ये सिक्कीमचं दक्षिण ल्होनाक सरोवर फुटलं आणि तिस्तेला जो पूर आला त्यात तिस्ता बाजारच्या घरांत पाणी शिरलं, पात्रात गाळ भरून नदीच वर आली. तेव्हापासून तो रस्ता पावसाळ्यात सारखा बंद पडतो. तेव्हा तिथे जाऊन, पाणी बघून, स्थानिकांना विचारून ठरवा, इथून ऑनलाइन पैसे भरू नका. आणि ऑक्टोबर २०२५ च्या सुरुवातीला एका रात्रीच्या पावसाने मिरिककडे दरडी कोसळून किती माणसं गेली, दुधियाचा पूल पडला, ते वाचलंच असेल. ऑक्टोबर म्हणजे पाऊस संपला असं आता धरून चालत नाही. परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री खाली उतरून राहा, हे मी प्रत्येकाला सांगते.

रुळावरचा_माणूस

त्यासाठीच कर्सियांग चांगलं. पाच हजार फुटांच्या जरा खाली, थंडी कमी, आणि तिथे गिद्धापहाडला सुभाषबाबूंच्या भावाचं घर आहे, १९३६ मध्ये सुभाषबाबूंना तिथे नजरकैदेत ठेवलं होतं. आता म्युझियम आहे. सासऱ्यांना इतिहासाची आवड असेल तर.

मोगरा_ठाणे

बापरे, एवढं सगळं! मनापासून धन्यवाद. घरी बैठक झाली. गंगटोक-पेलिंग रद्द (नवरा जरा हिरमुसलाय, अनघा ताईंच्या पक्षात होता). दार्जिलिंगलाच मुक्काम, बाप-लेक एक रात्र टुमलिंग, तेव्हा मी आणि सासूबाई-सासरे मॉल रोड आणि चहा. भाइटिकाचा दिवस पायी. शेवटची रात्र कर्सियांग. टायगर हिलचं तारे बघून ठरवू, सासूबाई म्हणतात मी पण येणार, टाळ्या वाजवायला. ट्रॅव्हलवाल्याला सांगितलं तर म्हणाला "मॅडम एवढे दिवस दार्जिलिंगला करणार काय?"

एकच शंका उरली, तिथे सगळीकडे यूपीआय चालतं का की कॅश न्यावी?

सह्यवेडा

दार्जिलिंगमध्ये चालतं. मानेभंज्यांगच्या पुढे रेंजचा भरवसा नाही, कॅश न्या, शंभर-दोनशेच्या नोटा, पाचशेची मोड कोणी देत नाही. आणि टुमलिंग नेपाळच्या हद्दीत येतं, फोनने मध्येच "वेलकम टू नेपाल" मेसेज पाठवला तर रोमिंग बंद करा.

नवीन_सदस्य_विरार

छान धागा. याच ट्रिपला जोडून लाटागुडी-गोरुमाराची जंगल सफारी होईल का? गेंडा बघायचाय.

भटका_कोल्हापूर

डुआर्सचा (त्या जंगलपट्ट्याचा) वेगळा धागा काढा हो, इथे परत सेव्हन पॉइंट नको.